ओळखीच्या खुणा

*ताई,*

*मी लातूर जिल्ह्यातला. वय २९. मोंढ्यात एका आडतीवर हिशोब बघतो. दोन वर्षांपासून टोपणनावानं गे मुलांच्या गोष्टी लिहितो. टेलिग्रामवर आमचा गट आहे, चाळीसेक जण. पुण्या-मुंबईचे जास्त, दोघं आखातात, मराठवाड्यातले मला धरून तिघं. दर शनिवारी रात्री गटावर एक शब्द येतो, त्यावर रविवारी रात्री बारापर्यंत तीनशे शब्दांत गोष्ट टाकायची. टाकायच्या आधी गटातल्याच कुणीतरी ती वाचायची, त्याला आम्ही ‘पहिला वाचक’ म्हणतो. महिन्यातून एकदा कॅमेरे बंद ठेवून वाचन होतं. माझा आठवडा शनिवारी रात्री सुरू होतो म्हणा ना.*

*यंदा गटाचा पीडीएफ दिवाळी अंक निघतोय. माझी एक मोठी गोष्ट घेतलीय. ती खरी आहे. मोंढ्यातच काट्यावर काम करणारा एक जण होता, मळणी यंत्रात त्याची दोन बोटं गेलेली. तीन वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. मग त्याचं लग्न झालं, आता एक मुलगी आहे. भेटलो तर रामराम होतो, तेवढंच. गोष्ट वाचून गटातल्या एकानं मला वेगळा मेसेज केला, ‘हा अमुक मोंढ्यातला ना? बोटांवरून ओळखला.’ त्या रात्रीपासून झोप नाही.*

*गोष्ट परत घेऊ का? गट सोडू का? संपादक म्हणतो, भाषा प्रमाण करून दे म्हणजे गाव कळणार नाही, आणि एखादा गरम प्रसंग घाल, लोक वाचतात. असलं लिहिणं गुन्हा आहे का? घरी स्थळं बघणं चालू आहे. गोष्ट सोबत जोडली आहे. खरं सांगू? कधी कधी वाटतं, त्यानं ती वाचावी.*

*— मांजराकाठचा*

माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते.

गोष्ट वाचली. एकदा वाचक म्हणून, एकदा मुद्रितं तपासणारी म्हणून. वीस वर्षं मी दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली, ती सवय जात नाही. चांगली आहे. कुठे चांगली आहे ते पुढे सांगते, कारण ती जिथे चांगली आहे तिथेच तुझी अडचण बसलेली आहे.

आधी गुन्ह्याचं उरकून घेऊ. नाही, गुन्हा नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं ते कृतीबद्दल होतं, गोष्टींबद्दल नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला ते सैल केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायाधीशांच्या पीठानं आपखुशीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून मोकळं केलं. पण मराठीनं यातल्या एकाही तारखेची वाट पाहिली नव्हती. समलिंगी प्रेमावरचं विजय तेंडुलकरांचं नाटक ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, सचिन कुंडलकरांची तशीच कादंबरी ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये छापून आली. दोन्ही वेळी ३७७ जागच्या जागी होतं. तू त्यांच्या मानानं पुष्कळ उजेडात लिहितोयस.

गरम प्रसंगाचं मात्र निराळं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करण्याबद्दल आहेत. त्यांना बाई-पुरुष काय आणि पुरुष-पुरुष काय, सारखंच. साहित्याच्या, कलेच्या हिताच्या लिखाणाला त्यात सूट आहे, पण ते तसं आहे हे दाखवायची वेळ आली की धावपळ लिहिणाऱ्याची होते. मला खटकतं ते यापेक्षा साधं आहे. तुझ्या गोष्टीत शेजेचा प्रसंग येता येता थांबतो. पावसानं भिजलेले कट्टे आत ओढताना दोघं एका ताडपत्रीखाली येतात आणि बाहेरून मुनीम हाक मारतो. तिथं तू थांबलास ते बरोबर थांबलास. ‘लोक वाचतात’ म्हणून त्यापुढे एक पान चिकटवलंस तर ते पान दुसऱ्याच कुणाचं वाटेल. संपादकाला एवढंच कळव की प्रसंग आहे तसाच राहील. मागे पळवाटा शोधत बसू नकोस.

(जाता जाता: तुमच्या गटाच्या ज्या आणखी चार गोष्टी तू पाठवल्यास, त्या चारांतही पाऊस आहे. दोन नायक शेवटी मरतात, एक पुण्याला जातो, आणि पुण्याला जाणं हेही तिथे मरणासारखंच लिहिलंय. लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. तिथल्या माणसानं तरी पावसावाचून प्रेम करून दाखवावं अशी माझी भाबडी अपेक्षा होती. तुझा पाऊस मी माफ केला, कारण त्यात सोयाबीन भिजतं आणि भाव पडतो.)

आता मुळाशी येऊ.

तू विचारतोस, गोष्ट परत घेऊ का. त्याआधी त्या गोष्टीत कुणाकुणाचं काय आहे ते बघ. तुझं प्रेम आहे, तुझी तीन वर्षं आहेत, तुझा राग आहे. तो तुला दिसला नसेल, पण लग्नाच्या मांडवात तू पाहुण्यांना वाढतोस त्या परिच्छेदात तो आहे, आणि त्या परिच्छेदाला मी हात लावणार नाही. हे सगळं तुझं. त्याची परवानगी कुणाकडे मागायची नाही, त्या मित्राकडेही नाही. पण त्या गोष्टीत त्याचंही एक गुपित आहे, आणि ते त्यानं तुझ्यापाशी ठेवायला दिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ दोन हातांची आहे. तू तुझा हात उघडू शकतोस, त्याचा उघडायचा अधिकार तुला नाही. त्याच्या घरात एक बायको आहे, एक लेकरू आहे, आणि त्याचं सगळं जग त्या चार गल्ल्यांचं आहे. तुझं टोपणनाव तुला झाकतं. त्याला झाकायला गोष्टीत काहीच नाही, उलट त्याच्या हातावर तू दिवा धरला आहेस.

तोच हात तुझ्या गोष्टीतलं सगळ्यात देखणं काम आहे, हे मला माहीत आहे. तो तीन बोटांनी पोत्यातलं धान्य चाचपतो, ओल किती ते मशीन लावायच्या आधी सांगतो, आणि रात्री त्याच तीन बोटांनी तुझ्या पाठीवर आकडे लिहून ‘ओळख’ म्हणतो. मी तिथे वाचता वाचता थांबले. तरी सांगते, बोटं काढ.

काढ म्हणजे त्या जागी दुसरं व्यंग ठेवू नकोस. पाय लंगडा केला, डोळा तिरळा केला, तर ती नुसती अदलाबदल झाली. आणि मोंढ्यातल्या माणसाला अदलाबदल लगेच कळते, वजनात फसणारी माणसं नाहीत ती. अख्ख्या पाच बोटांचा हात लिही. धान्य चाचपणारा हात मराठवाड्यात कुठल्याही बाजारात शेकड्यानं सापडेल. पाठीवर आकडे लिहिणं तर फक्त तुलाच माहीत आहे, ते ठेव. खुणा दोन जातीच्या असतात. एकीवरून गावाला माणूस ओळखू येतो, दुसरीवरून वाचकाला माणूस कळतो. बोटं पहिल्या जातीची, आकडे दुसऱ्या जातीचे. आडत कुठल्या देवळाच्या बोळात आहे, लोडरचा रंग कोणता, त्याच्या लग्नात कोणत्या गावाहून वऱ्हाड आलं, ही सगळी पहिल्या जातीची. तू ती घातलीस कारण ती खरी होती. त्यानं गोष्ट खरी झाली असं नाही.

तुला हे पटत नसेल तर एक गंमत सांगते. वर जे तुझं पत्र छापलंय, ते तुझं तू पुन्हा वाच. तू मोंढ्यात काम करत नाहीस. त्याची बोटं शाबूत आहेत, त्याची खूण वेगळी आहे, ती तुला ठाऊक आणि मला ठाऊक. ताडपत्री, मुनीम, सोयाबीन, एवढंच काय त्याची मुलगीसुद्धा, सगळं मी घातलंय, कारण हे सदर तुमच्या गावातही वाचतात. तू पाठवलेली खरी गोष्ट वेगळ्याच दुकानात घडते. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींनी आत्तापर्यंत त्या तीन बोटांच्या हातावर विश्वास ठेवला की नाही? काही जणांना तो आता आठवत राहील. मी हे तासाभरात केलं, आणि मी काही लेखिका नाही. तू तर दोन वर्षं दर रविवारी गोष्ट टाकतोयस.

एकाच गोष्टीला मी हात लावला नाही. त्यावर शेवटी येते.

तुमच्या गटाची पद्धत मला आवडली, म्हणून थोडं त्याबद्दल. ‘पहिला वाचक’ ही कल्पना छापील अंकवाल्यांनीही उचलावी अशी आहे. पण तुमचा पहिला वाचक काय बघतो? तू लिहिलंस त्यावरून शुद्धलेखन, शेवट आणि शब्दसंख्या. त्याला आणखी एक काम द्या: यातलं कुणी खरं माणूस ओळखू येतंय का, हे विचारायचं. विचारायचं फक्त लेखकाला, आणि ‘कोण?’ असं नाही विचारायचं. आणि मराठवाड्यातली गोष्ट वाचायला पुण्या-मुंबईचा वाचक द्या. पुण्याच्या माणसाला तुझं गाव नकाशावर सापडणार नाही, शेजारच्या तालुक्यातला मात्र सकाळी येऊन बघून जाईल.

तुला मेसेज करणारा तो शेजारच्याच तालुक्यातला. त्याचा मेसेज तू मला पूर्ण पाठवला आहेस. मला तो धमकीचा वाटला नाही. आपल्याच भागातलं कुणीतरी सापडलं म्हणून हरखलेल्या माणसाचा वाटला. चाळिसात तीन आहात तुम्ही, त्यालाही ते एकटेपण असेलच. तरी त्याला हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. ‘गोष्टीतली माणसं गोष्टीतलीच, आपण कुणीच गावं ओळखायची नाहीत’ एवढं लिही आणि विषय बदल. पुन्हा खोदून विचारलं, किंवा पैशाचा, भेटण्याचा सूर लागला, तर मात्र गप्प बसू नकोस. सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेव आणि गट चालवणाऱ्याला सांग. धमकावणं आणि खंडणी मागणं हा गुन्हा आहे, मग धमकी कशाचीही असो, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर त्याची तक्रार करता येते.

गट सोडायचं कारण मला दिसत नाही. तुझं दार मात्र तुला वाटतं तितकं बंद नाही. टेलिग्रामच्या गोपनीयतेत जाऊन आपला नंबर ‘कुणालाही दिसू नये’ असं कर, आणि नंबरावरून शोधण्याची सोय फक्त ओळखीच्यांपुरती ठेव. तू गोष्ट मला वर्डच्या फाइलमध्ये पाठवलीस. फाइलच्या माहितीत लेखकाच्या जागी तुझं आडनावासकट खरं नाव आहे, मी बघितलं आणि पुसलं. गटालाही तशीच गेली असणार. आणि अंकाच्या मुखपृष्ठासाठी दोनशे रुपये वर्गणी यूपीआयनं भरलीस म्हणतोस. अरे, पैसे गेले की घेणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं. टोपणनाव दोन वर्षं जपलंस आणि दोनशे रुपयांत देऊन टाकलंस. झालं ते झालं, वर्गणी जमा करणारा भला माणूस असेल. पुढच्या वेळी गटातल्या एखाद्या उघडपणे राहणाऱ्या मित्राकरवी भर.

टोपणनावाची तुला लाज वाटते असं तुझ्या मूळ पत्रात दोनदा आलंय. ‘लपून लिहितो’ हा शब्द तुझा. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही बाई कोण यावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं तिनं लिहिलं होतं. त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, पुढे मालतीबाई बेडेकर झालेल्या. त्या नावानं त्यांना लिहायला जागा दिली. आणि त्याही मागे जायचं तर गोदाकाठी, आपल्या पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानोबांच्या विरहिणी बघ. लिहिणारा पुरुष आणि वाट बघणारी बाई. दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याची आपल्याकडे सातशे वर्षांची वहिवाट आहे, तुझ्यापाशी सुरू झालेली नाही. कायद्यालाही टोपणनाव चालतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं टोपणनावानं आलेल्या लिखाणालाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण आहे, नोंदणी केलेली नसली तरी. तेव्हा मूळ खर्डे स्वतःलाच ईमेल करून तारखेसकट जपून ठेव. उद्या कुणी तुझी गोष्ट आपली म्हणून फिरवली तर ते कामी येतील.

आता ते शेवटचं वाक्य. कधी कधी वाटतं, त्यानं ती वाचावी.

ते तू सहज लिहिल्यासारखं लिहिलंस. पण गोष्टीच्या चौथ्या पानावर ‘तो’चा ‘तू’ झालाय, तुझ्या लक्षात आलं का? ‘तो काट्यापाशी उभा राहायचा’ अशी सात वाक्यं जातात आणि आठव्यात ‘तुला माहीत होतं मी बघतोय’. मुद्रितं तपासताना मी याला चूक धरलं असतं. चूक नाहीय ती. त्या पानापासून पुढे ती गोष्ट राहिलेली नाही, ते पत्र झालंय, आणि पत्र दिवाळी अंकात कशाला छापायचं? चाळीस जणांचा पीडीएफ पुढे कुठे जातो ते कुणाच्या हातात नसतं. तो त्याच्यापर्यंत पोचला तर एकटा पोचणार नाही. दुकानातल्या चार पोरांच्या हसण्यातून पोचेल, किंवा त्याच्या बायकोच्या फोनवर. तुला त्यानं ते तसं वाचायला हवंय का?

म्हणून दोन कामं वेगळी कर. ते पत्र खरंच लिही. वहीत, हातानं, ‘तू’ म्हणून, त्याचं नाव घालून, सगळी बोटं घालून. टाकायचं नाही, पाठवायचं नाही. लग्नाच्या घरात तसलं पत्र पाठवणं म्हणजे त्याला जबाब द्यायला उभं करणं आहे, आणि त्याच्याकडे जबाब नसेल. लिहून झालं की मग गोष्टीकडे ये आणि ‘तू’चा पुन्हा ‘तो’ कर. काही वाक्यं आपोआप गळतील. त्यातली जी गळताना दुखतील ती वहीत असतीलच.

झोपेचं दुर्लक्षून चालणार नाही. आणखी आठवडाभरात लागली नाही तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. नाव सांगायचं नसेल तर तसं आधीच म्हण.

स्थळांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, मीही एकच लिहिते: कुठल्याही मुलीला अंधारात ठेवून मांडवात उभा राहू नकोस, त्या मांडवात वाढणारा अजून एक कुणीतरी असतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

राहता राहिली भाषा. संपादक म्हणतो प्रमाण करून दे, म्हणजे गाव कळणार नाही. त्याचा हेतू चांगला आहे पण हिशोब चुकलाय. बोलीवरून फार तर दोन-चार जिल्हे कळतात. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, या एवढ्या मुलखात ‘काय करायलास?’ म्हणणारे लाखोंनी आहेत, त्यांतून एक माणूस कोण शोधणार? माणूस सापडतो तो देवळाच्या बोळावरून आणि लोडरच्या रंगावरून, ते तर तू काढणारच आहेस. संपादकाला सांग, परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमट्यांना २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठवाड्याच्या मातीतल्या कथांवरच मिळाला. निवेदन तुला हवं तर प्रमाण ठेव. बोलणं नाही. तुझ्या पुण्याच्या पहिल्या वाचकानं पहिल्याच पानावर ‘यायलो’ खोडून ‘येतोय’ केलंय, समासात ‘टायपो?’ असं लिहून. त्याचा दोष नाही, त्यानं ते ऐकलेलंच नाही. ‘येतोय’ म्हणणारा अजून घरात चप्पल शोधत असू शकतो. ‘यायलो’ म्हणणारा वाटेला लागलेला असतो.

मी एकाच गोष्टीला हात लावला नाही म्हटलं ती हीच. तो रोज रात्री फोन करून जे दोन शब्द म्हणायचा, ‘यायलो की’, ते तुझ्या गोष्टीत नऊ वेळा आलेत आणि दहाव्या वेळी फोन वाजतच नाही. सगळा जिल्हा तसंच बोलतो, त्यावरून त्याला कुणी ओळखणार नाही. नवा मसुदा घटस्थापनेच्या आत गटाला दे. बोटं काढ, बोळ काढ, वऱ्हाड काढ. ‘यायलो’ राहू दे, नऊच्या नऊ.